विश्लेषण : घरचा गुलाब पहिल्याच वर्षी का मरतो? ताथवड्यातील एका टेरेसवरचे बारा महिने

फेब्रुवारीत फुलांनी लगडलेले रोप नर्सरीतून आणायचे, मेपर्यंत त्याच्या काड्या झालेल्या पाहायच्या आणि जूनमध्ये रिकामी कुंडी कोपऱ्यात सरकवायची, हा अनुभव अनेक घरांत आहे. 'आपल्या हाताला यश नाही' असे म्हणून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात गुलाब मरण्याची कारणे ठरावीक आहेत आणि त्यातली बहुतेक टाळता येतात. ताथवड्यातील सहाव्या मजल्यावरच्या एका टेरेसवर वर्षभर जे घडले, त्याचा हा हिशेब : आठ रोपे आणली, तीन मेली, एक भलतेच निघाले आणि चार फुलली.

सुरुवात कशी झाली?

आई गेल्या हिवाळ्यात जुन्नरजवळच्या गावाहून आमच्याकडे कायमची राहायला आली. गावच्या घराच्या परसात गावठी गुलाबाचे एक झाड होते. त्याला कुणी खत घातल्याचे मला आठवत नाही. भांडी घासलेले पाणी तिकडे जायचे, एवढेच. तरी देवाला रोज दोन-तीन फुले मिळायची. इथे आल्यावर दारात फुलपुडी येऊ लागली. आईने कधी तक्रार केली नाही. पुडी सोडताना फक्त म्हणायची, ''कालची आहेत गं ही.''

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सगळीकडे गुलाबाच्याच बातम्या असताना, मी रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून आठ रोपे आणली. लाल, पिवळा, पांढरा, दुरंगी, दोन गुलाबी आणि दोन बटण गुलाब. आठही रोपांना फुले होती. मार्चअखेर एकावरही फूल नव्हते.

मावळात फुलतो, मग इथे का नाही?

हा प्रश्न पहिल्यांदा डोक्यात आला. तळेगाव दाभाडे, पवनानगर हा भाग ताथवड्यापासून तासाभराच्या आत आहे. व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात जाणाऱ्या गुलाबांत मावळच्या गुलाबाचे नाव मोठे आहे. तळेगावात एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क आहे. हरितगृहातील शेतीचे प्रशिक्षण देणारे केंद्रही तिथेच आहे. सह्याद्रीलगतच्या थंड रात्री, धरणाचे पाणी आणि मुंबईकडे जाणारा द्रुतगती मार्ग या तीन गोष्टींवर तो व्यवसाय उभा राहिला.

पण तो गुलाब आणि आपल्या कुंडीतला गुलाब यांचे जगणे वेगळे असते. पॉलिहाऊसमध्ये पावसाचा थेंब पानावर पडत नाही, ऊन सावलीच्या जाळीने गाळून येते. पाणी आणि विद्राव्य खत ठिबकमधून मोजून दिले जाते. १४ फेब्रुवारीच्या फुलासाठी शेतकरी डिसेंबरपासून नियोजन करतात, कारण फांदी खुडल्यापासून किंवा वाकवल्यापासून फूल तोडणीला यायला साधारण दीड महिना लागतो. दुकानातला लांब दांड्याचा गुलाब हे या सगळ्या शिस्तीचे फळ असते. नर्सरीत 'डच गुलाब' म्हणून मिळणारे रोप उघड्या टेरेसवर तसे फूल देईल, ही अपेक्षाच चूक होती.

उघड्यावर टिकणारे वाण वेगळे आहेत. लाल 'ग्लॅडिएटर' हा महाराष्ट्रात उघड्या शेतात वर्षानुवर्षे घेतला गेलेला वाण. पांढरा 'आइसबर्ग' झुपक्याने फुलतो आणि नवशिक्याला सांभाळून घेतो. गव्हाच्या तांबेरा-प्रतिकारक वाणांसाठी ओळखले जाणारे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल हे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. त्यांनी आपल्याकडच्या हवामानासाठी गुलाबाचे अनेक नवे वाण तयार केले आणि १९६६ मध्ये भारतातील गुलाबावर ग्रंथ लिहिला. अडचण अशी की नर्सरीत विचारले तर वाणाचे नाव क्वचितच कळते. 'लाल घ्या, पिवळा घ्या' एवढेच ऐकायला मिळते. म्हणून नाव विचारा, आणि नाव सांगू शकणाऱ्याकडून एक तरी रोप घ्या.

रोप निवडताना काय चुकले?

मी फुले मोजली. काड्या आणि जोड पाहिलाच नाही.

नर्सरीतला गुलाब बहुधा दोन झाडांचा बनलेला असतो. खाली काटक जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यावर हव्या त्या वाणाचा डोळा भरलेला. पुणे जिल्ह्यात उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिका या कामासाठी प्रसिद्ध आहेत. डोळा भरलेली जागा बुंध्यापाशी गाठीसारखी दिसते. ती गाठ घट्ट, हिरवट-तपकिरी आणि भेग नसलेली हवी. तिच्यावरून निदान दोन-तीन पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या निघालेल्या हव्यात. फूल नसले तरी चालेल. लहान रोपावर चार फुले असतील, तर त्याने आपली शिल्लक खर्च केलेली असते.

दुसरी गोष्ट पिशवीतल्या मातीची. बहुतेक रोपे चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. वाहतुकीत मुळे हलू नयेत म्हणून ती माती बरी. पण तो गोळा जसाच्या तसा कोकोपीटच्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला की पाणी बाजूने वाहून जाते आणि गोळा आतून कोरडा राहतो. माझे पहिले रोप, पिवळे, असेच मेच्या पहिल्या आठवड्यात गेले. कुंडीची माती वरून ओली होती. उपटून पाहिले तर आतला गोळा विटेसारखा कडक, आणि एकही मूळ त्याच्या बाहेर आलेले नव्हते.

यावर उपाय सोपा आहे. लावण्याआधी पिशवीसकट रोप अर्धा-पाऊण तास पाण्याच्या बादलीत ठेवायचे, पिशवी कापायची आणि गोळ्याची बाहेरची माती बोटांनी हलकेच सैल करायची. हे काम पावसाळ्यात किंवा थंडीत करावे. कडक उन्हाळ्यात मुळांना हात लावू नये. डोळ्याची गाठ मातीच्या वर इंच-दोन इंच राहिली पाहिजे.

कुंडीतल्या मिश्रणासाठी मला जमलेले प्रमाण असे : दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू आणि कोकोपीट, त्यात मूठभर निंबोळी पेंड. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते कच्चे आहे. त्यात पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली अळी दिसली तर ती हुमणी असण्याची शक्यता असते, आणि हुमणी मुळे खाते. अशा अळ्या वेचून टाकाव्यात.

लावण्याची वेळ कोणती?

फेब्रुवारी नव्हे. त्या महिन्यात बाजारात रोपे सर्वात सुंदर दिसतात, पण पुढे लगेच मार्च, एप्रिल, मे असतो. पिंपरी-चिंचवडमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो. माझी टेरेस पश्चिमेची. दुपारी दोन ते सहा सलग ऊन, खाली तापलेली फरशी, मागे तापलेली भिंत आणि सहाव्या मजल्याचा वारा. नवीन मुळे धरण्याआधीच रोपाला हा मार बसला.

गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन लागते हे खरे, पण ते सकाळचे असेल तर उत्तम. पूर्वेची बाल्कनी असेल तर तुम्ही नशीबवान. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे हिरवी जाळी लावा, कुंड्या फरशीवर न ठेवता स्टँडवर किंवा विटांवर ठेवा आणि त्या जवळजवळ मांडा, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडेल. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या सर्वात जास्त तापतात. मातीवर पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या तर ओल टिकते.

आपल्याकडे लागवडीसाठी दोन काळ बरे : पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर जुलै-ऑगस्ट, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. नवशिक्याने दुसरा निवडावा. पुढे थंडीचे तीन-चार महिने मिळतात आणि उन्हाळा येईपर्यंत झाड रुळलेले असते.

एक सूचना फ्लॅटधारकांसाठी. बारा इंची कुंडी ओली झाल्यावर सहज १५-२० किलोची होते. कठड्यावर ती कधीही ठेवू नये. आणि खाली ताटली नसेल तर पाणी खालच्या मजल्यावर जाते. एप्रिलमध्ये खालच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर आपल्या ओल्या छताचा फोटो टाकला, तेव्हा ताटल्या आणायची आठवण झाली.

टँकरच्या शहरात पाणी कसे द्यायचे?

या परिसरात हा खरा कळीचा मुद्दा आहे. ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण पाणी त्या वेगाने वाढले नाही. शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत या पट्ट्यातील अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवेलवर दिवस काढतात. पिण्याच्या पाण्याची ओढाताण असताना गुलाबाला बादलीभर पाणी घालणे मनाला पटत नाही.

म्हणून मी घरातील आरओ फिल्टरचे वाया जाणारे पाणी कुंड्यांना द्यायला सुरुवात केली. पाणी वाचवल्याचे समाधान होते. तीन आठवड्यांत पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागल्या. कुंड्यांच्या कडेला पांढरा थर जमला.

कारण साधे आहे. आरओ यंत्र पाण्यातले क्षार वेगळे करते आणि ते सगळे त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात साठतात. मुळात टँकर किंवा बोअरचे पाणी जड असेल तर बाहेर पडणारे पाणी त्याहून जास्त खारे असते. फरशी पुसायला, गाडी धुवायला, संडासात टाकायला ते चालते. गुलाब मात्र खारेपणाला नाजूक आहे. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाचे पाणीही कुंडीतल्या गुलाबाला सतत देऊ नये. त्यातही क्षार असू शकतात, आणि कुंडीत ते साठत जातात.

त्याऐवजी तांदूळ-डाळ धुतलेले आणि भाज्या धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत साठवले. आठ कुंड्यांना ते जवळजवळ पुरायचे. पाणी रोज द्यायचेच असे नाही. बोट मातीत दोन पेरे घालून पाहायचे. ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. द्यायचे तेव्हा सकाळी, बुंध्याशी, तळाच्या भोकातून थोडे निथळेपर्यंत. रोज कपभर शिंपडले तर वरची माती ओली राहते, मुळे तहानलेलीच राहतात आणि क्षारही खाली वाहून जात नाहीत.

पाने पिवळी, शिरा हिरव्या : हा कोणता आजार?

मेअखेर दोन झाडांची कोवळी पाने पिवळी पडली, पण शिरा हिरव्याच राहिल्या. मी खत वाढवले. पिवळेपणा वाढला.

हा आजार नाही, ही लोहाची कमतरता आहे. मातीत लोह असते, पण माती विम्लधर्मी झाली की मुळांना ते घेता येत नाही. गुलाबाला किंचित आम्लधर्मी माती लागते, सामू ६ ते ६.५ च्या आसपास. जड पाण्यामुळे कुंडीतील मातीचा सामू हळूहळू वर जातो. नव्या इमारतींच्या आवारातील वाफ्यांत तर मुरमाबरोबर सिमेंट-चुन्याचा राडारोडा पुरलेला असतो, तिथे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो. आमच्या आवारातील गुलाबांचीही पाने तशीच पिवळी दिसली, तेव्हा कोडे उलगडले.

यावर चिलेटेड लोह हे औषध आहे. दुकानात सहसा 'ईडीटीए' प्रकार मिळतो, पण सामू साडेसहाच्या वर गेला की त्याचा परिणाम कमी होतो. विम्लधर्मी मातीसाठी 'ईडीडीएचए' प्रकार मागावा. तो महाग आहे, पण लागतो चिमूटभर. माझ्या झाडांना सर्वात मोठा आराम मात्र जूनच्या पावसाने दिला. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. आठवडाभराच्या सरींनी कुंड्या धुऊन निघाल्या आणि नवी पाने हिरवी आली.

खत किती आणि कोणते?

दुसरे रोप मी स्वतः मारले. एप्रिलमध्ये कोरड्या मातीवर मूठभर डीएपी टाकले आणि वर पाणी घातले. चार दिवसांत झाड उकडल्यासारखे लोंबले. रासायनिक खताचे प्रमाण जास्त झाले की मातीतले पाणी इतके खारट होते की मुळे पाणी ओढू शकत नाहीत. खत भरपूर आणि झाड तहानलेले, अशी ती अवस्था.

आवारात काम करणाऱ्या माळीकाकांना ते झाड दाखवले. त्यांनी माती चिमटीत धरली आणि म्हणाले, ''ताई, आजारी माणसाला कुणी पुरणपोळी वाढतं का?'' त्यांचे तीन नियम तेव्हापासून पाळते. नव्या रोपाला पहिला महिना-दीड महिना रासायनिक खत नाही. खत नेहमी ओल्या मातीतच. आणि कडक उन्हाळ्यात झाड थांबलेले असते, तेव्हा त्याला ढकलायचे नाही. वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, एवढ्यावर चार झाडे छान चालली.

मोबाइलवर फिरणाऱ्या घरगुती उपायांचे काय? वापरलेली चहा पावडर दूध-साखर नीट धुऊन, कंपोस्टमध्ये घातली तर ठीक. तशीच कुंडीत टाकली तर मुंग्या आणि बुरशी येते. अंड्याच्या टरफलातील कॅल्शियम सुटायला फार काळ लागतो, आणि जड पाणी वापरणाऱ्या घरात कॅल्शियमची कमतरता सहसा नसतेच. केळीच्या सालीचे पाणी अपाय करत नाही, पण त्याने खताची गरज भागत नाही.

जोमाने वाढणारी फांदी नेहमी चांगली असते का?

नाही. वर्षातला सर्वात लाजिरवाणा धडा हाच होता.

दुरंगी गुलाबाला जूनमध्ये बुंध्यापासून एक लांबसडक, फिकट हिरवी फांदी फुटली. आठवड्याला वीतभर वाढायची. मी तिला काठीचा आधार दिला आणि खतही तिलाच जरा जास्त घातले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. बाकीच्या जुन्या फांद्या वाळत गेल्या, तरी मला वाटले नवी आली म्हणून जुनी जाते आहे. सप्टेंबर उजाडला तरी एक कळी नाही.

माळीकाकांनी एका नजरेत सांगितले, ''हा खुंट आहे ताई. वरचा गुलाब कधीच गेला.'' तीन महिने मी जंगली गुलाब वाढवत होते.

असा फुटवा ओळखायचा तर पाने मोजत बसू नका. सात पानांचा असेल तर जंगली, हा नियम दर वेळी खरा ठरत नाही. फांदी कुठून निघाली ते पाहा. डोळ्याच्या गाठीच्या खालून किंवा मातीतून आली असेल तर ती खुंटाची. माती बाजूला करून ती जिथून फुटली तिथून ओढून काढायची. नुसती कापली तर पुन्हा दोन फुटतात. गाठीच्या वरून आलेली जोमदार फांदी मात्र सोने आहे, तिला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात पाने का गळतात?

जुलैत पानांवर काळे, कडा फाटलेले ठिपके दिसले. भोवतीचे पान पिवळे पडून गळू लागले. हा 'काळा ठिपका' नावाचा बुरशीजन्य रोग. पान सलग सहा-सात तास ओले राहिले की बुरशीचे बीजाणू रुजतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात असे दिवस रोजच असतात, त्यामुळे रोग पूर्ण टाळणे अवघड, पण आवरता येतो.

कुंड्या एकमेकींपासून दूर करा, उन्हाळ्यातली जवळीक आता नको. मातीला टेकणारी पाने काढा. गळलेली पाने रोज उचला आणि ओल्या कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको, कारण रोग तिथूनच परत येतो. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका. तरीही वाढला तर मॅन्कोझेबसारखे बुरशीनाशक लेबलवरील प्रमाणात, पाऊस उघडल्यावर फवारावे. हातमोजे आणि मास्क लावून, मुले घरात असताना नव्हे, आणि उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतायचे नाही.

ताटल्यांचा धडा इथे उलटा लागू होतो. पावसाळ्यात ताटल्या काढा. पाण्यात उभी राहिलेली मुळे कुजतात आणि डासही होतात.

तिसरे रोप ऑगस्टमध्ये गेले. वाळलेला शेंडा मी स्वयंपाकघरातील कात्रीने, भर पावसात कापला. कापलेल्या जागेपासून काळपट-तपकिरी पट्टा खाली उतरत गेला आणि तीन आठवड्यांत गाठीपर्यंत पोहोचला. याला शेंडेमर म्हणतात. बोथट कात्रीने चेंगरलेली फांदी, ओली हवा आणि उघडी जखम, तिन्ही एकत्र आले. कापायचेच असेल तर धारदार कटर, स्पिरिटने पुसलेला, कोरड्या दिवशी, हिरवा भाग लागेपर्यंत. आणि जखमेवर लगेच कॉपर ऑक्सिक्लोराइडचा किंवा बोर्डो पेस्टचा लेप.

छाटणीची भीती का सोडायची?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माळीकाका म्हणाले, आता कापा. चार झाडे वाचली होती, हिरवीगार होती आणि त्यांना अर्ध्यावर आणायचे होते. माझा हात होईना. काकांनी पहिले झाड स्वतः छाटले, उरलेली माझ्याकडून करून घेतली.

पावसानंतरची ही छाटणी आपल्याकडे वर्षातली मुख्य छाटणी. गुलाबाचे फूल नव्या फुटीवर येते. जुनी फांदी तशीच ठेवली तर झाड उंच होते आणि फुले लहान होतात. पद्धत अशी :

आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढायच्या.

मग पहिल्या वर्षीच्या झाडाच्या उरलेल्या फांद्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी करायच्या.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका घ्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही आणि झाड आतून मोकळे राहते.

सगळ्या कापांवर लेप. त्यानंतर आठवड्याने खत सुरू.

छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. प्रदर्शनात गुलाब ठेवणारे लोक तारखेपासून उलटे मोजून छाटतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. एकदा तिथे जाऊन पाहावे. पुस्तकात न कळणाऱ्या गोष्टी, म्हणजे फूल केवढे, दांडा किती जाड, पानाचा रंग कसा, तिथे डोळ्यांना कळतात.

माझे पहिले खरे फूल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उमलले. लाल. आईने ते तोडू दिले नाही. तीन दिवस झाडावरच राहू दिले.

कीड कशी ओळखायची?

कळ्या न उमलता कडेने तपकिरी झाल्या, तर फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर झटकली की बारीक, लांबट किडे पळताना दिसतात. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे दाटीने बसलेले असतील तर मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही तो बराच जातो. उन्हाळ्यात पान वरून धुरकट आणि खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. हा कीटक नव्हे, त्यामुळे साध्या कीटकनाशकाने तो मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाणी मारणे हा पहिला उपाय. थंडीत कोवळ्या पानांवर पांढरी पावडर दिसली तर भुरी. सुरुवातीला लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी, आठवड्याने एकदा, एवढ्याने चालते.

एक गोष्ट कटाक्षाने. फवारलेल्या झाडाची फुले गुलकंदाला किंवा खाण्यात वापरू नका. बाजारातील शोभेच्या गुलाबांचाही गुलकंद करू नये, तो गुलाब खाण्यासाठी वाढवलेलाच नसतो.

गावठी गुलाब वेगळा का?

जुलैत मामा गावाहून आला, तेव्हा आईने त्याला परसातल्या झाडाच्या काड्या आणायला सांगितले होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पाच काड्या आल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब. आईने खालची पाने काढली, दोन डोळे मातीत आणि दोन वर, अशा एका कुंडीत खोचल्या आणि ती कुंडी सावलीत ठेवली. ''उपटून बघू नकोस'' एवढेच मला बजावले. महिन्याभरात तीन काड्यांना कोंब आले.

गावठी गुलाब स्वतःच्या मुळावर उभा असतो. त्याला खुंट नाही, म्हणून खुंट फुटण्याची भानगड नाही. शेंडा मेला तर खालून येतो तो तोच गुलाब. फूल लहान, दोन दिवसांत पाकळ्या सांडणारे, फुलदाणीच्या कामाचे नाही. पण वास आहे, आणि माझ्यासारखीच्या चुका पोटात घेण्याची ताकद आहे. वर्षभरानंतर कुणी नवशिक्याने विचारले तर मी हेच सांगते : पहिले रोप गावठी घ्या, दुसरे नाव माहीत असलेले एक, आणि त्यांच्यावर एक पावसाळा व एक उन्हाळा काढल्यावरच तिसरे.

वर्षभरात कधी काय? जपून ठेवण्यासाठी

जानेवारी-फेब्रुवारी : बहर. सुकलेली फुले पाच पानांच्या पहिल्या पानापर्यंत कापावीत. भुरीवर लक्ष. नवी खरेदी टाळावी.

मार्च ते मे : जाळी, मातीवर आच्छादन, सकाळी पाणी. रासायनिक खत बंद. कोळीवर लक्ष.

जून : ताटल्या काढाव्यात, कुंड्यांची भोके मोकळी आहेत का ते पाहावे.

जुलै-ऑगस्ट : गावठी गुलाबाच्या काड्या लावाव्यात. गळलेली पाने रोज उचलावीत. ओल्या हवेत छाटणी नको.

सप्टेंबर : गाठीखालून आलेले फुटवे काढावेत.

ऑक्टोबर : मुख्य छाटणी, लेप, त्यानंतर शेणखत. नव्या रोपांची लागवड.

नोव्हेंबर-डिसेंबर : पंधरवड्याला विद्राव्य खत, फुलकिड्यांवर लक्ष, पहिली फुले.

सध्या टेरेसवर लाल, पांढरा आणि दोन बटण गुलाब आहेत, आणि आईच्या कुंडीत तीन काड्यांचे झुडूप. जानेवारीच्या शेवटी त्यावर पहिले फूल आले. आईने ते सकाळी देवापुढे ठेवले आणि फुलपुडीवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणून निरोप दिला. मी म्हटले, ''अगं आई, एकच फूल आलंय, अजून महिनाभर तरी लागतील की.'' ती म्हणाली, ''एक पुरतं गं देवाला.'' फुलपुडी बंद झाली. पुढचे फूल नऊ दिवसांनी आले, मधल्या दिवसांत तुळशीची पाने वाहिली.